ए आणि एसचे मणी: सिकलसेल पेटीच्या प्रकल्प नोंदी

१९ जून २०२४

आज जागतिक सिकलसेल दिन, म्हणून आजच कामाला सुरुवात करतेय. नववी-दहावीच्या मुलांसाठी एक पेटी करायची आहे, त्यात मणी, कार्डं, एक कापडी तक्ता आणि जमलं तर मायक्रोस्कोपच्या स्लाइड. शिकवायचं काय, तर एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं असतात, म्हणजे अ‍ॅलील, आणि आईवडलांकडून कुठली दोन रूपं आली त्यावर पुढचं बरंच ठरतं. आणि हे सगळं सिकलसेलवरूनच शिकवायचं, म्हणजे आईवडलांकडून येणाऱ्या, लाल रक्तपेशी वाकड्या करणाऱ्या आजारावरून. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात हा विषय मुलांच्या घरात आधीपासून आहे, 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द मुलांना धडा सुरू व्हायच्या आधीच ऐकून माहीत असतात, फक्त त्या ए आणि एसचा अर्थ काय ते कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं.

शाळा उघडायला अजून वेळ आहे, विदर्भात उन्हामुळे उशिराच उघडतात, तोवर वाचून घेते.

२७ जून

वाचलेलं आधी स्वतःसाठी लिहून काढते. जनुकाचं नाव एचबीबी, जागा अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, काम हिमोग्लोबिनची, म्हणजे लाल पेशीत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनाची, बीटा साखळी बनवणं. साखळीत १४६ अमिनो आम्लं. त्यातल्या सहाव्या जागेसाठी डीएनएत जीएजी अशी तीन अक्षरं असतात, तिथे ग्लुटामिक आम्ल बसतं, हे नेहमीचं रूप म्हणजे ए. एस अ‍ॅलीलमधे मधलं एक अक्षर बदलतं, जीएजीचं जीटीजी होतं, आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं. बाकी १४५ जागा जशाच्या तशा.

एवढ्याशा बदलानं काय होतं? ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याचं पाण्याशी जमतं, व्हॅलीनचं जमत नाही. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक खोबण उघडी पडते आणि हे व्हॅलीन नेमकं तिथे जाऊन बसतं, शेतातून येताना कपड्याला गोखरू चिकटतात तसं, मग त्याला पुढचं चिकटतं, त्याला अजून पुढचं, असे लांब दोर तयार होतात आणि लाल पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथून ते हाडं फोडणारं दुखणं. आणि या पेशी टिकतही नाहीत, साधी लाल पेशी १२० दिवस जगते, एसएसवाल्यांची १० ते २० दिवस, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे.

या शोधाचा इतिहास मुलांना नक्की सांगणार. १९१० मधे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं, पेशंट होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल. १९४९ मधे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकं ते एक अमिनो आम्ल शोधून काढलं. एखाद्या आजाराचं मूळ इतक्या बारीक ठिकाणापर्यंत माणसानं पहिल्यांदा पोचवलं ते या आजारात, आणि तो आजार आपल्या गावातला आहे, हे मुलांना कळायलाच पाहिजे असं मला फार वाटतं.

६ जुलै

शाळा सुरू. कुणालाही स्वतःचं किंवा घरच्यांचं काही विचारायचं नाही हा नियम पहिल्या दिवशीच लावून घेतला, वर्गात हात वर करून 'मी एएस' म्हणायला लावणं म्हणजे त्या पोरावर उगाच शिक्का. सगळी उदाहरणं बनवलेल्या कुटुंबाची. चिठ्ठीवर नाव न लिहिता सिकलसेलबद्दल जे वाटतं ते लिहा म्हटलं, त्यात आलेलं काही जसंच्या तसं:

'आईकडून येते.'
'एएसवाल्याले बी गोळ्या घ्याव लागते का?'
'सोबत जेवलं तर होते का?'
'पहिल्या पोराले झाली तर मग दुसऱ्याले नाही होत.'

चारही चिठ्ठ्यांची उत्तरं पेटीत आलीच पाहिजेत. सोबत जेवून होत नाही हे तर तिथेच सांगून टाकलं. पहिली चिठ्ठी मला जास्त टोचली, कारण घरोघरी हेच होतं, मूल आजारी निघालं की बोल बाईला. एसएस व्हायला दोन एस लागतात, एक आईचा आणि एक बापाचा, त्याशिवाय ते होऊच शकत नाही. तक्त्यावर हे सगळ्यात मोठ्या अक्षरात घ्यायचं.

१२ जुलै

सरकारी दवाखान्याच्या लॅबमधे जाऊन आले. लॅबवाल्या दादांनी आधी सोल्युबिलिटी टेस्ट दाखवली. रक्ताचा थेंब त्या द्रावणात टाकायचा, त्यातलं डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, एस हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि ट्यूबमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. पण यात एक गोष्ट आहे जी गावात फार कमी लोकांना माहीत असते, गढूळ आलं म्हणजे 'एस आहे' एवढंच कळतं, एक एस आहे की दोन ते कळत नाही. म्हणून पुढची तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दिसतात. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली की घरचे रडायला लागतात, आणि त्यातले बहुतेक जण वाहक, म्हणजे एकच एस असलेले, एएस निघतात, ज्यांना रोजच्या जगण्यात काहीच त्रास नसतो!

मग नाव झाकून एचपीएलसीचे कागद दाखवले. एएसच्या कागदावर दोन डोंगर स्पष्ट, एक ए चा आणि एक एसचा. मी विचारलं की अर्धं-अर्धं का नाही, एस तर ३५-४० टक्क्यांच्या आसपासच दिसतोय, तर त्याचं कारण असं की हिमोग्लोबिनमधली जी दुसरी साखळी, अल्फा, तिच्याशी जोडी जमवण्यात ए ची बीटा साखळी पुढे असते, एसची थोडी मागे पडते. आणि अल्फा साखळ्याच कमी असतील, म्हणजे सोबत अल्फा थॅलेसेमिया असेल, तर एसचा डोंगर अजून बुटका होतो.

हे दोन डोंगर मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होते. पुस्तकी भाषेत एस अप्रभावी, म्हणजे ए सोबत असला की झाकला जाणारा, मग कागदावर तो दिसायलाच नको होता ना? पण तो तर ठळक दिसतोय. याच्यावर स्वतंत्र लिहायचंय.

२७ जुलै

रोवणीचे दिवस, वर्ग अर्धा रिकामा, तरी मण्यांचा खेळ घेतला. लाल मणी म्हणजे ए, काळा मणी म्हणजे एस. आईची वाटी आणि बापाची वाटी, दोन्हींत निम्मे लाल निम्मे काळे, म्हणजे दोघंही एएस. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक मणी काढायचा, झालं एक मूल, मणी परत टाकून पुन्हा. चार मुलांचं एक कुटुंब असं धरून प्रत्येक गटानं बरीच कुटुंबं काढली.

आणि मला हवं होतं तेच झालं. पुस्तकात १:२:१ (एक एए, दोन एएस, एक एसएस) लिहिलेलं असल्यामुळे सगळ्यांची अपेक्षा की प्रत्येक कुटुंबात बरोब्बर एक एसएस निघणार, पण एका गटाच्या पहिल्याच कुटुंबात दोन निघाले आणि एकात एकही नाही. एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, मण्याले थोडी माहीत हाय आधी कोन निघालं ते.' हे वाक्य तक्त्यावर घ्यायचंय, तिला विचारून.

नंतर फळ्यावर हिशोब मांडला. दर वेळी एसएस नसण्याची शक्यता पाऊण, चारही वेळा नसण्याची पाऊण गुणिले पाऊण असं चारदा, म्हणजे ८१ भागिले २५६, साधारण ३२ टक्के. चारात बरोबर एकच एसएस असण्याची ४२ टक्के. दोन किंवा जास्त असण्याची २६ टक्के. म्हणजे 'चारात एक' हे निम्म्या कुटुंबांतही नेमकं तसं घडत नाही. पंचवीस टक्के हा आकडा प्रत्येक गरोदरपणाला नव्यानं लागू होतो, पहिल्याला झालं म्हणून दुसरं वाचत नाही आणि पहिलं वाचलं म्हणून दुसऱ्याचा धोका वाढत नाही. चौथ्या चिठ्ठीचं उत्तर झालं.

बाकी जोड्याही घेतल्या. एए आणि एएस, मुलं निम्मी एए निम्मी एएस, एसएस कुणीच नाही. एएस आणि एसएस, निम्मी एएस निम्मी एसएस. एए आणि एसएस, सगळी एएस. ही शेवटची जोडी मुलांना खूप आवडली, आजारी माणसाची सगळी मुलं निरोगी असू शकतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

१० ऑगस्ट

आज वाटाणे. आनुवंशिकतेचे नियम ज्यांवरून सापडले ते मेंडेलचे वाटाणे सगळ्यांनी चित्रात बघितलेले, प्रत्यक्ष कुणी नाही. किराणा दुकानातला पांढरा वाटाणा गुळगुळीत गोल असतो, आणि कृषी केंद्रातून आर्केल जातीचं बियाणं आणलं, ते सुरकुतलेलं. (बियाण्याला औषध चोळलेलं असतं, म्हणून ते मीच हातमोजे घालून भिजवलं आणि मुलांना हात लावू दिला नाही. कुणी करणार असेल तर हे लक्षात ठेवा.)

सुरकुतीचं कारण १९९० मधे कळलं. स्टार्चला फांद्या फोडणारं एक एन्झाइम असतं, त्याच्या जनुकात साधारण ८०० अक्षरांचा एक तुकडा मधेच घुसलेला आहे, एन्झाइम बिघडतं, स्टार्च कमी बनतो, साखर जास्त राहते, साखरेमुळे कोवळ्या दाण्यात पाणी जास्त शिरतं आणि वाळताना दाणा आक्रसतो. सुरकुतलेला वाटाणा गोड लागतो तो त्यामुळेच.

दाणा खरवडून, पातळ आयोडीन टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं. गोल वाटाण्याचे स्टार्चचे कण मोठे, लंबगोल, एकसंध. सुरकुतलेल्याचे कण भेगाळलेले, तुकड्या-तुकड्यांचे. शाळेच्या जुन्या मायक्रोस्कोपमधूनही फरक छान दिसला, मुलं रांगेतून हलेनात.

२४ ऑगस्ट

तर आता ते जे लॅबमधून आल्यापासून डोक्यात आहे ते. माझ्या मते या सगळ्या पेटीचा गाभा हाच आहे म्हणून सविस्तर लिहिते.

गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्याचा संकर केला तर दाणे सगळे गोल. म्हणून आपण म्हणतो गोल प्रभावी. पण त्याच संकरित दाण्याचे स्टार्चचे कण मायक्रोस्कोपखाली बघितले तर ते मधलेच असतात, धड गोलवाल्यासारखे नाहीत धड सुरकुतलेल्यासारखे नाहीत. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लोकांनी बघून ठेवलंय. दाणा तोच, अ‍ॅलील तीच, बाहेरून बघितलं तर एक उत्तर आणि आतून बघितलं तर दुसरं.

सिकलसेलचं अगदी असंच आहे. माणूस आजारी आहे का एवढंच बघितलं तर एस अप्रभावी, कारण एएस माणूस निरोगी. पेशी बघितल्या तर मधलं काहीतरी, कारण एएसच्या पेशीसुद्धा ऑक्सिजन खूपच कमी केला तर वाकड्या होतात, फक्त अंगात सहसा तितका कमी होत नाही. आणि हिमोग्लोबिन बघितलं तर दोघं बरोबरीचे, सहप्रभावी, दोन डोंगर समोर दिसतात. मग एस प्रभावी की अप्रभावी? हा प्रश्नच अपुरा आहे, आधी विचारलं पाहिजे की कुठे बघून सांगू. एका अ‍ॅलीलला धरून 'हे ताकदवान', 'हे कमजोर' असं काही नसतं, ते कुणासोबत जोडीला बसलंय आणि आपण काय मोजतोय यावर सगळं आहे.

हे मी इतकं ताणून का सांगतेय तर 'प्रभावी' म्हटलं की मुलं 'चांगलं' किंवा 'जास्त लोकांत असणारं' असं समजतात. बोटं आखूड असण्याचं एक अ‍ॅलील प्रभावी आहे, पण तशी माणसं किती कमी दिसतात. आणि 'अप्रभावी' म्हटलं की वाटतं ते अ‍ॅलील झोपलेलं असतं. झोपलेलं वगैरे काही नसतं, एएस माणसाच्या प्रत्येक लाल पेशीत एसची साखळी बनत असते, सोबत ए ची साखळी पुरेशी असल्यामुळे ते दोर तयार होत नाहीत, इतकंच.

कापडी तक्ता या हिशोबानंच करतेय. उभे तीन रकाने एए, एएस, एसएस, आणि आडव्या तीन ओळी: माणूस, पेशी, हिमोग्लोबिन. शिवणकाम आमच्या शाळेच्या पोषण आहारवाल्या ताई करून देतायत, पोळा झाला की बसू म्हणाल्या.

९ सप्टेंबर

छोटी नोंद. जीभ गुंडाळता येणं हे एका जनुकाचं उदाहरण म्हणून सगळीकडे सांगतात, मुलांनीही करून दाखवलं. पेटीत घेत नाहीये. १९४० मधे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी ते आनुवंशिक असल्याचं सुचवलं, पण १९५२ मधे एकसारख्या जुळ्यांत एकाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही अशी उदाहरणं सापडली आणि पुढे स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच ते मान्य केलं. एखाद्या पोराला जीभ गुंडाळता येते आणि आईबापाला येत नाही यावरून कुणाच्या मनात भलतासलता संशय यायला नको, म्हणून हे उदाहरण न वापरलेलंच बरं.

२१ सप्टेंबर

आज दोन प्रश्न एकत्र आले. इतकं त्रासदायक अ‍ॅलील आहे तर ते संपत का नाही, आणि आपल्याच भागात इतकं का?

दुसऱ्याचं उत्तर मलेरिया. केनियात वाढलेले डॉक्टर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मधे मांडलं की जिथे मलेरिया जास्त तिथेच एस जास्त, कारण एएस मुलांना मलेरिया झाला तरी तो जिवावर बेतण्याइतका सहसा वाढत नाही. पुढच्या अभ्यासांत गंभीर मलेरियापासूनचं हे संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास दिसलं. गडचिरोलीच्या मुलांना मलेरिया काय ते सांगावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जंगलपट्टीत ज्या पोरांना एक एस होता ती जास्त वाचली, त्यांनी एस पुढे नेला. दोन एसवाल्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली. म्हणजे एकच अ‍ॅलील एका जोडीत ढाल आणि दुसऱ्या जोडीत आजार. याला कुणी 'वाईट रक्त' म्हणू नये यासाठी मला यापेक्षा मोठं कारण सापडत नाही. आणि ही एका समाजाची गोष्ट नाही, मलेरियाच्या भूगोलाची आहे, आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ, मध्य भारत, आणि आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत.

पहिल्या प्रश्नासाठी हार्डी. १९०८ मधे या गणितज्ञानं साध्या गुणाकारानं दाखवलं की बाहेरून काही ढवळाढवळ नसेल तर अ‍ॅलीलचं प्रमाण पिढ्या बदलल्या तरी तेवढंच राहतं. मण्यांवर केलं. १०० माणसं म्हणजे २०० मणी, त्यातले दहा टक्के, म्हणजे २० मणी काळे धरा. जोड्या योगायोगानं लागल्या तर ८१ एए, १८ एएस, १ एसएस. आता काळे मणी कुठे आहेत ते मोजा. १८ वाहकांकडे आणि फक्त दोन मणी त्या एका आजारी माणसाकडे. दहातले नऊ एस निरोगी माणसांत आहेत, ज्यांना कदाचित माहीतही नाही! रुग्णाच्या घराशी सोयरीक टाळून लोकांना वाटतं आपण वाचलो, पण एस तर टाळणाऱ्याच्याही घरात असू शकतो. तपासणीशिवाय कळायला मार्ग नाही. जुलै २०२३ मधे मध्य प्रदेशातल्या शहडोलला जे राष्ट्रीय मिशन सुरू झालं त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय ते त्यामुळेच.

५ ऑक्टोबर

एका मुलानं विचारलं की दोन भाऊ, दोघंही एसएस, एक सारखा ॲडमिट आणि एक शाळेत क्रिकेट खेळतो, असं कसं? बनवलेल्या कुटुंबाबद्दल विचारल्यासारखं विचारलं, मीही तसंच उत्तर दिलं.

पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, फीटल हिमोग्लोबिन, त्यात बीटा साखळीच नसते, म्हणून एसएस बाळालाही पहिले काही महिने त्रास नसतो. नंतर ते कमी होत जातं. पण काही लोकांत ते बऱ्यापैकी टिकून राहतं, आणि ते एसच्या दोरांना अडवतं. किती टिकणार हे दुसरीच जनुकं ठरवतात, त्यातलं एक बीसीएल११ए, तेही दुसऱ्या गुणसूत्रावर, एचबीबीपासून लांब. त्याचीही वेगवेगळी अ‍ॅलील. शिवाय अल्फा थॅलेसेमिया सोबत असेल तर पेशी नष्ट व्हायचं प्रमाण कमी होतं. भारतातला एस ज्या डीएनए पार्श्वभूमीवर बसलाय तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात, त्यात फीटल हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या बहुतेक प्रकारांपेक्षा जास्त असतं. म्हणून 'आपल्याकडचा सौम्य असतो' असं म्हणतात, पण हे सरसकट धरून चालू नये, विदर्भातल्या रुग्णांत तीव्र त्रासही भरपूर दिसतो.

सिकलसेलच्या रुग्णांना देतात त्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीचं मुख्य काम पण हेच, फीटल हिमोग्लोबिन वाढवणं. आणि २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या क्रिस्पर उपचारात, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापण्याच्या तंत्रात, एसला हातच लावत नाहीत, बीसीएल११ए चा स्विच तोडतात. मला हे वाचून अंगावर काटा आला होता, आजार एका जनुकात आणि उपाय दुसऱ्यात.

पेटीत यासाठी पिवळे मणी टाकले. पिवळा आला की एसएसचा त्रास एक पायरी खाली.

१९ ऑक्टोबर

एक जनुक म्हणजे दोनच अ‍ॅलील असं मुलांच्या डोक्यात बसलंय, ते मोकळं करायचं होतं. त्याच सहाव्या जागेवर जीएजीचं एएजी झालं तर लायसीन येतं, ते हिमोग्लोबिन सी, पश्चिम आफ्रिकेत आढळतं. २६ व्या जागेवर बदल झाला तर हिमोग्लोबिन ई, आपल्या ईशान्येकडे भरपूर. आणि बीटा थॅलेसेमियाची अ‍ॅलील तर शेकडो, त्यात साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. एका माणसात यातली दोनच मावतात, समाजात मात्र कितीही असू शकतात. एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तरी मूल सिकलसेलचा रुग्ण होऊ शकतं, आणि थॅलेसेमियावाल्या पालकाची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आलेली असते. लग्नाआधी 'एकाची निगेटिव्ह आहे ना, झालं' म्हणून सोडून देतात, तिथे एचपीएलसी करून घेणं किती गरजेचं आहे ते बघा.

२६ नोव्हेंबर

दिवाळी आणि मग इलेक्शन ड्युटी यात महिना गेला. शनिवारी पालकांसाठी पेटी मांडली होती, आशाताई आणि लॅबवाले दादा पण आले. पोरांनीच मणी काढून दाखवले. एक आजी बराच वेळ गप्प बघत होत्या, मग म्हणाल्या, 'म्हंजे पोराच्या बापाकडूनबी एक काळा आलाच ना?' आलाच आजी, दोन्हीकडून आल्याशिवाय होतच नाही. त्यांनी मागे बसलेल्या मुलाकडे वळून बघितलं आणि म्हणाल्या, 'आयकलं का?'

एका वडलांनी विचारलं की दोघं एएस असले तर लग्नच करू नये का. दादांनी नीट सांगितलं, करायचं की नाही हा त्यांचा निर्णय, पण माहीत असून करा, गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास तपासणी करता येते, त्यासाठी आधीच डॉक्टरांना सांगून ठेवावं लागतं. मूल रुग्ण असेल तर पहिल्या वर्षातच कळलं तर लसी, पेनिसिलिन, फॉलिक अ‍ॅसिड वेळेवर सुरू होतात. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं, प्रमाणपत्राची माहिती आशाताई घरी जाऊन देणार आहेत.

पेटी पुढच्या आठवड्यात गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेत जातेय. तिथल्या मुलांसाठी कार्डांवरची वाक्यं माडिया भाषेतून लिहून द्यायचं तिथल्या शिक्षिकेनं कबूल केलंय, लिपी देवनागरीच ठेवू. तक्त्याला चौथा रकाना जोडायचाय, एस आणि बीटा थॅलेसेमियाचा. काळे मणी पुरेसे आहेत, पिवळे अजून आणावे लागतील.